एकतिसावी खिडकी

क्र. ३२. गेंडा
*मागची बाजू : याला दूरचं नीट दिसत नाही. वास आणि आवाज मात्र लांबून कळतात. बिथरला की समोर कोण आहे याची चौकशी न करता धावतो. एरवी चिखलात सुखी.*

"तरस," दादा म्हणाले.

"अहो, माणूस अजून आलाही नाही."

"आला तरी तरस, नाही आला तरी तरस."

दादांनी टेबलावरची खळीची वाटी उचलून खिडकीत ठेवली, शिवायच्या राहिलेल्या पुस्तकांचा गठ्ठा दाबाखाली सरकवला आणि फडक्याने टेबल पुसलं. बाइंडिंगच्या कारखान्यात बसून घरचे निर्णय घ्यायचे, ही या घराची जुनीच खोड. एवढं मोठं टेबल घरात दुसरं नव्हतं. पुसताना त्यांनी जबडा डावीकडे वाकडा केला. उजवी दाढ आठवडाभर ठणकत होती. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं आणि आज तर मेले तरी सांगणार नव्हते, कारण येणारा माणूस दंतवैद्य होता.

"दुसऱ्याच्या तोंडात हात घालून पोट भरणारा," दादा म्हणाले. "तरसच तो."

 वहिनींनी कपाटातून कार्डांची वही आणून टेबलाच्या मध्यावर ठेवली.

ही वही दादांच्या वडिलांची, आप्पांची. आप्पा न्हावी होते. त्यांच्या दुकानातल्या बाकावर वाट बघत बसलेली गिऱ्हाइकं सिगारेटची पाकिटं फोडायची. पाकिटाला ताठपणा यावा म्हणून आत एक कार्ड असायचं. पुढे रंगीत जनावर, मागे त्याच्याविषयी चार ओळी. गिऱ्हाइकांना जनावरांचं काय सोयरसुतक? आप्पा स्वतः कधी ओढत नसत, पण कात्री चालवताना हमखास म्हणत, "धूर घेऊन जा, जनावर ठेवून जा." अशी अख्खी मालिका जमली. पन्नासांतलं एकच कधी आलं नाही. एकतीस नंबर. पाणमांजर.

पुढे दादा बाइंडरकडे शिकायला लागले, तेव्हा त्यांनी पहिलं काम म्हणून ही वही बांधली. जाड पानांना कार्डाच्या मापाच्या खिडक्या, प्रत्येक खिडकीत एक जनावर. एकतिसाव्याचीही खिडकी त्यांनी कापून ठेवली होती. आज ना उद्या येईलच म्हणून.

त्या खिडकीतून अजूनही मागचा कोरा कागदच दिसत होता. तिच्या डावीकडे तीस नंबर, साळिंदर. ते दादांच्या धाकट्या बहिणीचं, छोटीचं. उजवीकडे बत्तीस, गेंडा. तो दादांचा.

क्र. १२. जिराफ
*मागची बाजू : मान एवढी लांब असली तरी तिच्यात हाडं माणसाच्या मानेइतकीच. उंचावरून सगळं टिपतो. आवाज फारसा करत नाही.*

(शेवटचं वाक्य छापणाऱ्याची आणि वहिनींची ओळख नसावी.)

वहिनी खिडकीतून वाकून रस्ता बघत होत्या. लग्न होऊन या घरात आल्या त्या दिवशीही त्या अशाच शेजाऱ्यांच्या भिंतीवरून डोकावत होत्या. ते बघून आप्पांनी वही मागवली आणि "हिला हेच" म्हणत जिराफावर बोट ठेवलं. सासूबाईंनी ठेवलं, दादांनी ठेवलं, छोटीने हसत हसत ठेवलं. तेव्हापासून ही रीत पडली. घरात माणूस नवा आला की वही उघडायची. ज्यांचं जनावर आधीच ठरलंय त्या सगळ्यांची बोटं एकाच खिडकीवर यायला हवीत. तोवर तो पाहुणा. गेलेल्या माणसाचं जनावर दुसऱ्याला द्यायचं नाही, म्हणून आप्पांचं अस्वल आता कोणाच्याही वाटणीला नव्हतं. आप्पांना टक्कल होतं, म्हणून अस्वल.

गेल्या रविवारी दंतवैद्यांसाठी वही उघडली, तेव्हा पाच बोटं चार जनावरांवर पडली होती. छोटी हरणावर, लेक सशावर, वहिनी उंटावर. दादा आणि जावई दोघेही तरसावर. छोटीने वही मिटली आणि उठता उठता सांगून टाकलं, "पुढच्या महिन्यात आम्ही लग्नाच्या सह्या करतोय. साठी उलटली माझी, परवानगी मागत नाहीये. पण पुढच्या रविवारी बोटं जुळली नाहीत, तर माझं साळिंदर खिडकीतून काढून बरोबर नेईन. मग बसा भोकं मोजत."

तेव्हापासून भाऊ-बहीण एकमेकांशी बोलत नव्हते. छोटीचं शिवणकाम खालच्या मजल्यावर, दादांचा कारखाना वर. मधला जिना वहिनींचा. "त्याला सांगा, मशीनवर खळ गळतेय." "तिला सांग, छत तिचं नाही." आठवडाभर निरोप पोचवून वहिनींचे गुडघे बोलायला लागले होते.

'वन्सं गेल्या तर हे भांडणार कोणाशी?' वहिनींनी विचार केला. उत्तर समोर उभंच होतं आणि त्यांना ते मुळीच आवडलं नाही. म्हणजे वन्सं जाऊ नयेत. पण त्या जाणार हे तर ठरलंय. मग निदान रागावून जाऊ नयेत, येत-जात राहाव्यात, रविवारी भांडायला तरी याव्यात. वहिनींनी मनातल्या मनात उंट सोडून दिला.

"आले," त्या म्हणाल्या. "हातात काहीतरी चपटं आहे. काठोकाठ भरलेले कप आणावेत तसं धरलंय."

"दाताचा साचा असेल," दादा म्हणाले आणि जीभ दाढेला लागली म्हणून गप्प झाले.

क्र. ८. कासव
*(कार्डाची मालकीण अजून पोचलेली नाही. मागची बाजू ती आल्यावर वाचावी.)*

क्र. ४४. खेचर
*मागची बाजू : अरुंद कड्यावरही याचा पाय घसरत नाही. ओझं मुकाट्याने वाहतं. हट्टी म्हणून बदनाम, पण खरं म्हणजे सावध.*

चष्म्याच्या दुकानातून जावई तडक आला होता आणि टेबलाच्या कडेला दादांना चिकटून बसला होता. सासऱ्यांवर त्याचं फार प्रेम होतं असं नाही. पण तो या घरात आला, तेव्हा दादांनी खेचरावर ठेवलेलं बोट संध्याकाळपर्यंत उचललं नव्हतं. शेवटी भुकेने एकेक जण खेचरावर आला. त्याची बायकोसुद्धा! तेव्हापासून वहीत आपल्याखाली कोणी नाही, ही गोष्ट त्याला झोपेतही टोचायची. घरात एक तरस आलं असतं तर खेचराला जरा बरे दिवस आले असते.

छोटी खालून आली. तोंडात टाचण्या, गळ्यात टेप. तिच्या मागून दंतवैद्य आले. उंच, सडपातळ माणूस. अंगातला कोट छोटीनेच उसवून पुन्हा शिवलेला. त्यांनी हातातली चपटी पेटी खुर्चीखाली हलकेच ठेवली.

"नमस्कार, दादा."

"मी तुमचा दादा कधी झालो?"

"सगळे म्हणतात म्हणून..."

"सगळे घरचे आहेत."

छोटीने तोंडातल्या टाचण्या एकेक करून मनगटावरच्या गादीत खोचल्या. प्रत्येक टाचणी जरा जास्तच जोरात. "वहिनी," ती भावाकडे न बघता म्हणाली, "त्याला सांगा, तोंड वाकडं करून बसू नये. चांगला दिसत नाही. सरळ केलं तरी दिसत नाही म्हणा."

"अहो, वन्सं म्हणतायत..."

"ऐकलं मी. मध्ये जिना नाहीये आता."

इतक्यात दारातून बसच्या ड्रायव्हरचा खाकी शर्ट आत आला. लेक. जन्माला यायलाच उशीर केला म्हणून कासव ठरली आणि मोठी होऊन बस चालवायला लागली. शहरातल्या कित्येक माणसांना वाटे, कार्ड बरोबर दिलं होतं.

"सुरू केलंत का? पुलावर अडकले होते."

"तू पुलावर नसलीस की पूल पडेल," जावई म्हणाला.

"खेचरांनी मध्ये बोलू नये. आत्या, मी ससा सोडला. तू म्हणशील त्यावर बोट."

दंतवैद्यांनी हात वर केला, वर्गात करतात तसा. "मी विचारू का? तरसात वाईट काय आहे? जबडा अतिशय चांगला असतो त्याचा. हाड फोडतो."

 लेक फिसकन हसली. वहिनींनी पदर तोंडाला लावला. जावयाने तरसासाठी तयार ठेवलेलं बोट जरासं मागे घेतलं. ज्याला हिणवायचं त्यालाच ते आवडलं, तर मग मजा काय राहिली?

"बोटं," दादा करड्या आवाजात म्हणाले.

बोटं पुढे आली. छोटी, लेक आणि वहिनी हरणावर. दादा तरसावर. जावयाचं बोट वहीवर अधांतरी फिरत राहिलं, माशी बसायला जागा शोधते तसं.

"इकडे," दादा म्हणाले.

"इकडे," बायको म्हणाली.

"मी जरा विचार करतो. सावध आहे मी. पाठीवर छापलंय तसं."

क्र. ३०. साळिंदर
*मागची बाजू : काटे फेकून मारतं ही लोकांची समजूत खोटी आहे. काटे फक्त उभे राहतात. आत मऊ अंग असतं म्हणूनच.*

छोटीने भावाच्या बोटाकडे पाहिलं. नखात सुकलेली खळ, टोकावर सुईने पडलेले घट्टे. हे बोट हलणार नाही, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. आप्पांच्या दुकानात बाकावर ती भिंतीकडे बसायची आणि दादा तिच्या शेजारी. गिऱ्हाईक आलं की आप्पा म्हणायचे, "सरका जरा." तिला सरकायला जागाच नसायची, पलीकडे भिंत. आणि दादा सरकायचा नाही. गिऱ्हाईक उभं. आप्पा कात्रीने बाकावर टकटक करायचे. तरी दादा नाही.

तिने साळिंदराच्या खिडकीत नख घातलं. काढायचं म्हटलं तर कार्ड सहज निघणार होतं.

"थांबा, बाई," दंतवैद्य म्हणाले. त्यांची ओळख तिच्या दाढेमुळे झाली होती. त्यांनी दाढ काढली, तिने त्यांच्या कोटाची बाही. पण ते तिला अजून 'बाई'च म्हणत. "मी एक आणलंय. द्यायचं की नाही, ते ठरत नव्हतं."

पेटी उघडली. आत कापूस. त्यांनी खिशातून दातांचा बारीक चिमटा काढला आणि कापसातून एक कार्ड कडेने उचललं. मळका डाग नाही, मुडपलेला कोपरा नाही. पाण्यातून नुकतंच वर आलेलं तपकिरी जनावर, मिशांवर थेंब, तोंडात मासा. खाली नंबर छापलेला.

"एकतीस!" लेक ओरडली.

वहिनी खुर्चीवरून उठल्या. जावयाने चष्मा कपाळावर सारला, पुन्हा खाली ओढला. दादांचं तरसावरचं बोट आपोआप उचललं गेलं. छोटीने ते पाहिलं.

"कुठून आणलंत?" तिने विचारलं.

"माझ्या वहीतून. मीही लहानपणापासून जमवतो. माझी मालिका पुरी होती."

"होती?"

"आता तिच्यात एक खिडकी रिकामी आहे."

"कितवी?" जावयाने उगाचच विचारलं.

"एकतिसावी," दंतवैद्य म्हणाले आणि कानांपर्यंत लाल झाले.

  छोटीने चिमट्यासह त्यांचा हात धरला आणि कार्ड वहीवर, गेंडा आणि साळिंदराच्या मध्ये आणलं.

कार्ड खिडकीत जाईना.

आडवं करून पाहिलं. खालून सरकवून पाहिलं. कार्डच मोठं होतं. चांगलं बोटभर जास्त रुंद.

"हे पाकिटातलं नाही," दादा म्हणाले. आवाज पुन्हा करडा झाला होता. "हे डब्यातलं. साहेब लोक सिगारेटचे पत्र्याचे डबे घ्यायचे, त्यांत मोठी कार्डं निघायची. चित्र तेच, अंगकाठी वेगळी. आप्पांच्या बाकावर डबेवाला कधी बसला नाही. आपली माणसं पाकिटातली, छोटी. हे डब्यातले."

आठवडाभरानंतर तो तिच्याशी पहिल्यांदा बोलला होता. तेही हे!

"माझे वडील डबे घेत, हे खरं आहे," दंतवैद्य म्हणाले. "फार खोकायचे शेवटी."

"त्यात काय," जावई उत्साहाने म्हणाला. तरसाचा नाद सोडून तो आता पाणमांजराच्या बाजूला आला होता. मालिका पुरी झाली तर खेचराकडे कोणाचं लक्षच जाणार नाही, असा त्याचा हिशेब. "कडा कापा की! पांढरी कडच तर आहे. तुमच्याकडे सुरी आहे, आत्याबाईंकडे कात्री आहे."

दंतवैद्यांचा चेहरा भूल न देता दात उपटावा तसा झाला.  छोटीला माहीत होतं, हा माणूस कार्डावर श्वाससुद्धा जपून सोडतो.

"कापा," ते म्हणाले. "मला चालेल." आणि डोळे मिटून घेतले.

वहिनींनी कात्री पुढे सरकवली. छोटीने ती घेतली आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, कोणाचाच हात पोचणार नाही अशी ठेवून दिली.

"कोणी कार्डाला हात लावाल तर खबरदार! बाही तोकडी झाली म्हणून कोणी गिऱ्हाइकाचा दंड छाटतं का? शिवण उसवायची असते."

"कोणाची शिवण?" दादा म्हणाले.

"खिडकी कोणी कापली?"

क्र. ३१.
*(मागची बाजू वाचायची, तर कार्ड आधी खिडकीत बसायला हवं.)*

वही म्हणजे दादांचं पहिलं काम. पुढे त्यांनी हजारो पुस्तकं बांधली, पण सगळी दुसऱ्यांची. एवढी एकच स्वतःची. तिच्या पानाला सुरी लावायची?

ते खुर्चीतून उठले. सुरी घेतली नाही. नुसतेच वहीवर वाकून पाहत राहिले. डावीकडे साळिंदर अगदी पुठ्ठ्याच्या शिवणीला टेकलेलं, त्याला हलवायचं तर अख्खी वही उसवली असती. खिडकी रुंद करायची तर उजवीकडेच. आणि उजवीकडे गेंडा.

"मला सरकता येत नाही," छोटी म्हणाली. "माझ्या बाजूला भिंत आहे."

दादांनी तिच्याकडे पाहिलं. तिने वहीविषयीच म्हटलं होतं. पण दोघांनाही बाक दिसला.

"गेंडा सरकवला तर कडेला जाईल," दादा म्हणाले. "त्याचा मागचा भाग चौकटीखाली झाकला जाईल."

"गेंड्याच्या मागच्या भागाला बघायला कोणी येत नाही, बाबा," लेक म्हणाली.

"अहो," वहिनी म्हणाल्या, "मी रोज बघते. थोडा झाकला तरी चालेल."

दादांना हसू आलं. हसताना दाढेत कळ गेली आणि तोंडातून "आई गं" निघालं. त्यांनी लगेच तोंड मिटलं. दंतवैद्यांनी डोळे उघडले, दादांच्या उजव्या गालाकडे बघितलं, पण काही बोलले नाहीत. त्यांचं ते न बोलणं दादांना कुठेतरी लागलं. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, बघा, अडलात ना!

"तू गेलीस की खाली मशीनचा आवाज येणार नाही," दादा छोटीला म्हणाले. एकदम, काही संबंध नसताना.

"नदीपलीकडे जातेय, चंद्रावर नाही. रविवारी येईन. मशीन इथेच राहणार आहे. खळ गळली तर याद राख."

दादांनी सुरी घेतली. पोलादी पट्टी धरली, हात स्थिर केला आणि पहिल्या कामाच्या पानात दुसऱ्यांदा सुरी घातली. एकतीस आणि बत्तिसामधली पट्टी सुटून आली. गेंडा उचलून त्यांनी कडेला नेला आणि नवी पट्टी खळीने चिकटवली. गेंड्याची शेपटी चौकटीआड गेली. शिंग तेवढं जरा जास्तच पुढे आल्यासारखं दिसायला लागलं.

"शोभतोय," वहिनी म्हणाल्या.

मग दादांनी दंतवैद्यांकडून चिमटा न मागता नुसता हात पुढे केला. दंतवैद्यांनी क्षणभर त्या खळ लागलेल्या बोटांकडे पाहिलं आणि कार्ड त्यांच्या हातात दिलं. पाणमांजर खिडकीत बसलं. घट्ट नाही, सैल नाही.

"बोटं," दादा म्हणाले.

लेकीचं बोट आलं, बसच्या तेलाचं. वहिनींचं आलं, चहाचं. जावयाने चष्मा पुसून मग ठेवलं. छोटीने बोट ठेवलं, त्याच्या टोकाला टाचणीने टोचल्याचा लाल ठिपका होता. सगळ्यात शेवटी दादांनी आपलं ओलं, चिकट बोट त्या नव्याकोऱ्या पाणमांजराच्या बरोबर पोटावर दाबलं. दंतवैद्यांच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला, पण त्यांनी तो गिळला.

"आता मागची बाजू," लेक म्हणाली. "ज्याचं कार्ड त्याने वाचायची."

"काढायला लागेल पुन्हा," दादा म्हणाले.

"नको, नको!" दंतवैद्य घाईने म्हणाले. "मला पाठ आहे. 'हे नदीच्या काठी राहतं. मोठं झालं तरी खेळणं सोडत नाही. चिखलाच्या उतारावरून घसरत जातं, पुन्हा वर येतं आणि पुन्हा घसरतं. दात उत्तम.'"

"शेवटचं तुमचं," छोटी म्हणाली.

"नाही, छापलंय. खरंच."

सगळे हसत होते. दादा हसले नाहीत, कारण हसता येत नव्हतं. ते खिडकीपाशी गेले, खळीची वाटी बाजूला ठेवली आणि उजेडाकडे तोंड करून स्टुलावर बसले.  मग कोणाकडेही न बघता त्यांनी आ केला.

दंतवैद्य उठले, चिमटा रुमालाने पुसला आणि वाकले. वहिनी, लेक, जावई, छोटी, सगळ्यांनी भोवती गर्दी केली होती. गेंड्याचं तोंड आतून कधी कोणी बघितलं नव्हतं.

"सरका जरा," दंतवैद्य म्हणाले. "उजेड अडतोय."

सगळे सरकले.